बांबू पुसलेला भाग

होरिगोमे तोमिएबाई आमच्या कार्टूनच्या स्टुडिओत बावीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं तपासत होत्या. टोकियोच्या नेरिमा भागातल्या त्या कोंदट खोलीत माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी चित्रांमागची घरं, झाडं, आभाळ रंगवायचो. रेघ चुकली की बाई कागद परत पाठवायच्या. "हे बोट आहे की मुळा?" एवढंच म्हणायच्या.

आमची कार्टून मालिका न्हाणीघर चालवणाऱ्या एका कुटुंबाची. दर रविवारी संध्याकाळी लागायची. मालिकेच्या सतराव्या वर्षी बाईंना पहिल्यांदा एक भाग दिग्दर्शित करायला मिळाला, सात जुलैच्या तानाबाता सणाचा. मुलं अंगणातल्या बांबूला इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधतात, एवढीच गोष्ट. बाईंचे वडील गावी, सेंदाईला, मुला-सुनेकडे अंथरुणाला खिळलेले. लेक टोकियोत नेमकं करते काय, हे त्यांना कधी उमगलंच नव्हतं. त्यांनी एकदा बघावं म्हणून बाई तीन महिने राबल्या.

जुलैचा पहिला रविवार आला आणि वाहिनीवर आमच्या आधी चालू असलेला बेसबॉलचा सामना लांबला. बेसबॉल लांबलं की बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं, हा आमच्याकडचा कायदाच. भाग लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी सणही होऊन गेला.

मंगळवारी वाहिनीचे कुनिएदासाहेब उगवले. पुढच्या रविवारचा भाग अजून अर्धाकच्चा होता, म्हणून बाईंचाच दाखवायचा. पण सण सरल्यावर सणाची गोष्ट चालणार नाही, लोक तक्रारीची पत्रं पाठवतात.

"बांबू काढा, चिठ्ठ्या काढा. साधी संध्याकाळ करून टाका."

"ऑगस्टमध्ये दाखवा ना, साहेब. आमच्या सेंदाईत हा सण ऑगस्टमध्येच असतो."

"मग सेंदाईसाठी वेगळी वाहिनी काढा, होरिगोमेबाई!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची मला आजही चीड येते.

हातात चार दिवस. बांबूच्या जागी आभाळ मीच रंगवलं. चिठ्ठ्या ज्यांवर रंगवल्या होत्या ते पारदर्शक कागद चित्रांवरून काढून टाकले, संवाद घाईघाईत बदलले. पण मुलांच्या माना बांबूच्या शेंड्याकडे वळलेल्या, त्या पुन्हा काढायला सवड कुणाला होती? बाईंनी दोनदा लाल पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. कुनिएदासाहेबांच्या डोक्यात रंगाची बादली ओतावीशी वाटली मला. ओतली नाही, मुकाट्यानं आभाळ पुरं केलं.

भाग लागला. सोमवारी सकाळी स्टुडिओत फोन आला. बाईंच्या वडिलांना ऐकू कमी येई, म्हणून ते ओरडूनच बोलत. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तोमिए, तुझं नाव आलं गं! सूनबाईलाही दाखवलं."

"हो, बाबा."

"झकास झालंय. फक्त एक सांग. ती पोरं एवढा वेळ वर बघत होती, तिथं काय होतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"काही नव्हतं, बाबा," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून चूक राहून गेली."