एका पाटीवर दोघं

बाप मरून चाळीस वर्षं झाली, तरी त्याच्यावरचा माझा राग गेला नाही. मास्तरवरचाही नाही.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आर्णीकडच्या आमच्या गावात शाळेची एक खोली, चार वर्ग आणि एकच मास्तर. मी पहिलीत दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा झालो तर शाळा बंद, ढोरांमागं जायचं, असं बापानं सांगूनच ठेवलं होतं.

त्या वर्षी नवा मास्तर आला. त्यानं वर्गाच्या रांगा मोडल्या आणि ज्याला येतं त्याच्या बाजूला ज्याला येत नाही त्याला बसवलं. माझ्या बाजूला गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक पोरगी आली, माझ्याच वयाची. घरी ती गोरबोली बोले, मराठी शब्द तिला अडत. पण अक्षर एकदा पाहिलं की तिच्या हातात बसे. मी तिला शब्द सांगायचे, तिनं मला अक्षर काढून द्यायचं. पाटी एकच, माझी.

ती आधी अख्खं अक्षर टिंबांनी काढे, मी टिंबांवरून पेन्सिल फिरवी. दुसऱ्या दिवशी निम्मी टिंबं. मग दोनच. मग तीही थुंकी लावून पुसून टाके आणि म्हणे, "आता काढ." मी रडकुंडीला येई. पण निघे अक्षर!

गावात बोंब झाली. बाप वावरातून थेट शाळेत आला.

"मास्तर, माह्या पोराले तांड्याच्या पोरीखाली बसवलं म्हन्ते?"

"खाली नाही भाऊ, बाजूले. नवा गोऱ्हा तुम्ही कोणासंगं जुंपता?"

"जुन्या बैलासंगं."

"मग?"

"बैल आपल्या गोठ्यातला पायजे."

चौथीची पोरं खी खी हसली. मास्तरचं तोंड उतरलं. तो माझ्याकडे वळला. "तूच सांग बाबू, ती तुले शिकवते का नाही?"

बापाचा हात माझ्या मानेवर होता. मी म्हणालो, "ती माही टिंबं पुसते."

खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त नीच होतं.

"आयकलं?" बाप म्हणाला. मास्तरनं तिला मागं दाराशी बसवलं. एका शब्दानं भांडला नाही! एवढं चांगलं डोकं, पण हिंमत कवडीची नाही.

उठताना ती मला एवढंच बोलली, "तुले येत होतं म्हणून पुसली."

दाराशी तिला मराठी शब्द सांगणारं कोणी नव्हतं. आठ-दहा दिवसांत तिनं शाळा सोडली. परीक्षेत मी तिनं माझ्याकडून घटवून घेतलेली अक्षरं काढली, पुढं अडलो आणि बाप बोलला होता तसा ढोरांमागं गेलो. बाकीची अक्षरं मोठेपणी एसटीच्या पाट्या पाहून शिकलो. बापाला शिव्या देत शिकलो.

माझी बायको यंदा गेली. बापाच्या नावानं मी बोटं मोडायला लागलो की ती मुकाट ऐकून घेई. एकदाच, भाकर थापता थापता म्हणाली, "मामाजीले कायले बोलता? तोंड त तुम्हीच उघडलं."

"आठ वर्षांचा होतो मी!"

"अन् ते पोरगी?"

मी ताट सारून उठलो. चार दिवस तिच्याशी बोललो नाही. बरोबर बोलली होती, म्हणूनच नाही बोललो. ते चार दिवस आता मला कोण परत देणार?