खालून दुसरं नाव

कार्डांची मला शाळेपासूनच धास्ती. प्रगतिपत्रकावर बाबांची सही होईपर्यंत मी दाराआड उभी असायचे. दहावीचं प्रवेशपत्र तर परीक्षेच्या सकाळी मी चारदा दप्तरातून काढून पाहिलं होतं. रेशन कार्डाची काळजी मात्र कधी केली नाही. ते आईचं खातं. साखर, रॉकेल ती आणायची आणि कार्ड तांदळाच्या डब्यात ठेवायची.

बारावीनंतर तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेसाठी मुली घेणार होते. जवळपासच्या गावांतल्याच हव्यात, म्हणून सोमवारी रेशन कार्ड दाखवायचं होतं. शुक्रवारी सातपाटीच्या घरात मी कार्ड उघडलं. माझ्या नावावर लाल रेघ होती. लग्न होऊन वर्ष झालं तरी ताई कार्डावर होती, आणि घरातून गेले होते मी.

आईला वाचता येत नव्हतं. ताईचं नाव कमी करायला तीच पालघरच्या कचेरीत गेली होती. आम्ही दोघी बहिणीच, म्हणजे शेवटचं नाव माझं, असं धरून तिनं कारकुनाला खालून दुसरं नाव कापायला सांगितलं. पण माझ्या खाली धाकट्या भावाचं नाव होतं. तो तापानं गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्याचं नाव आईनं कधी कमीच केलं नव्हतं.

मी नको ते बोलले. त्याची साखर आणता आणता माझी नोकरी घालवलीस, म्हणाले. आई सुकट निवडत राहिली.

शनिवारी कचेरी अर्धाच दिवस. रांग सरकेना, आणि घड्याळ बघून बघून मी आईला वैताग आणला. खिडकीशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कारकुनानं कुरकुरत ताईचं नाव कमी केलं, मग शेवटच्या नावावर थांबला. हा मुलगा कोण, कितवीत आहे, असं त्यानं विचारलं. मी घाबरले. खरं सांगितलं तर कार्डच काढून घेतील. तो मामाकडे शिकतो, असं सांगायला मी तोंड उघडलं, तोच आईनं माझा हात दाबला.

"तो नाय," ती म्हणाली. "बारा वरसा झाली. त्याचा काप, हिचा लिव."

कारकुनानं लाल पेन उचललं. तेव्हा आईनं त्याला विचारलं, यातलं मुलाचं नाव कुठलं. त्यानं बोट ठेवून दाखवलं. ती खिडकीत वाकली आणि बराच वेळ ते नाव बघत राहिली. मागच्या रांगेतले लोक ओरडायला लागले. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.