काकांचा मध्यक

सप्तापुरातल्या आमच्या शेजारच्या काकांइतका खरा माणूस सबंध धारवाडात दुसरा सापडणार नाही, आणि सापडू नये अशीच माझी देवाजवळ प्रार्थना आहे. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या या गृहस्थांचा सरासरीवर काडीचा विश्वास नाही. "सरासरी म्हणजे एकानं जेवायचं आणि पंगतीनं ढेकर द्यायचा," असं ते म्हणतात. त्यांचं दैवत मध्यक. सगळ्यांना चढत्या क्रमानं उभं करायचं आणि बरोबर मधल्याला विचारायचं, बाबा, तुझं कसं चाललंय? भाचीच्या लग्नात फोटोच्या वेळी सगळं वऱ्हाड उंचीप्रमाणे उभं करून त्यांनी मधल्या व्याह्यांना हात धरून पुढे ओढलं होतं. काकूंच्या उप्पिटाला कधी चांगलं म्हणाले नाहीत. फारच खूश झाले तर "या महिन्यातल्या मधल्यापेक्षा वरचं आहे" म्हणतात. काकू "सुम्नीर्री", म्हणजे गप्प बसा, असं म्हणून आणखी वाढतात.

या काकू अळणावरजवळच्या एका खेड्यात दर शनिवारी मजुरांच्या मुलांचा वाचनवर्ग चालवायच्या. मुलं काकूंना अक्का म्हणायची आणि काकांना मात्र अज्जा, म्हणजे आजोबा, याचा काकांना मनापासून राग यायचा. कोप्पीकर रोडवरचा एक ट्रस्ट वर्गाचा खर्च द्यायचा. यंदा ट्रस्टचे गृहस्थ म्हणाले, मुलं किती शिकली ते आकड्यांत दाखवा, मग पुढचं बघू. घरचाच संख्याशास्त्रज्ञ असताना बाहेरचा कशाला, म्हणून काकूंनीच काकांना पुढे केलं. तिथंच घात झाला.

त्या वर्गात मुलं एका सुरात वाचायची. गावाची रीतच तशी. आरती असो, पाढे असोत, सगळं मिळून. काका तपासायला गेले त्या दिवशी गोष्ट अशी काही घुमली की सोबत आलेल्या ट्रस्टच्या गृहस्थांनी डोळे पुसले. काका म्हणाले, "आता एकेकानं." दोघी मुलींनी पान घडाघडा वाचलं. बाकीची पुस्तक हातात धरून शेजारच्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गुणांच्या क्रमानं बरोबर मधोमध आलेल्या मुलीला अक्षरं ओळखता येत होती, शब्द जुळवता येत नव्हता.

"सर, सरासरी लिहा की," गृहस्थ हळूच म्हणाले. "त्या दोघींमुळं बरी येतेय बघा. आमच्या कमिटीला तेवढं पुरे."

"दोघींचं वाचन बाकीच्यांच्या नावावर कसं लिहू हो?" काका म्हणाले, आणि त्यांनी मध्यक लिहिला. त्यांच्या मते अहवाल वर्गाच्याच बाजूचा होता. अजून वाचता येत नाही, म्हणजे वर्ग आणखी हवा! हे त्यांना इतकं उघड वाटलं की त्यांनी ते लिहिलंसुद्धा नाही. ट्रस्टनं आकडा बघितला आणि मदत बंद केली. वर्गही बंद पडला.

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता शनिवार आला की त्या आवरलेली कपाटंच पुन्हा आवरत बसतात. मला काकांचा संताप येतो. पण त्यांचा पडलेला चेहरा बघितला की तो दाखवता येत नाही.

परवा काका अळणावरच्या बाजारात गेले होते. तिथं ती मधली मुलगी आईबरोबर भाजी विकत बसली होती. "अज्जा, अक्का कधी येणार?" तिनं विचारलं.

"येतील की, या शनिवारी, असं सांगून आलो हो," काका आमच्या पायरीवर बसून मला म्हणाले. "ती वाट बघत बसणार."

उद्या शनिवार आहे, आणि हे काकूंना सांगायचं धैर्य ना त्यांना आहे, ना मला.