रंग मारून

वर्सोव्याच्या खाऱ्या हवेने माझ्या गाडीचा तळ कुजला होता आणि ब्रेकचाही भरवसा उरला नव्हता. दुरुस्ती परवडेना. जवळच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "रंग मारून विकून टाका ना साहेब, कोणाला कळतंय?" मलाही ते पटलं.

शेजारी एक चेपलेली गाडी उभी होती. आत एक म्हातारी कोळीण वाकून डॅशबोर्डवरची एकवीरा आईची तसबीर नखाने सोडवत होती. मासळी साफ करून राठ झालेली ती बोटं कागदाचा कोपराही फाटू देत नव्हती. तसबीर निघाली तशी तिने पदराने पुसली, कपाळाला लावली आणि बाहेर आली.

"कोनाला इकनार गाडी?" तिने मला विचारलं.

"येईल त्याला."

"माझे पोराला पन कुनीतरी अशीच रंग मारून इकलेली. यातच गेला तो."

तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती तसबीर छातीशी धरून खाडीकडे चालू लागली.

मागून गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, रंग कुठला मारू?"