काडीवाल्यांची पट्टी

आमच्या ह्यांना कारखान्यात 'काडीवाले' म्हणतात. आग न धरणारं रेझिन शिजवणं हे ह्यांचं काम, आणि नवी वस्तू दिसली की खिशातली काडेपेटी काढणं ही खोड. घरचा नवा टेबलफॅनसुद्धा सोडला नाही. प्लास्टिकच्या पात्याचं टोक जाळून म्हणाले, "बघ, काडी काढली तरी जळतंय. भिकार माल!" अहो, तो माझ्या भावानं दिलेला! आठवडाभर मी तोंड फिरवून होते.

रेझिन म्हणजे दाट पाकच. त्यात ब्रोमीन नुसतं ढवळून भागत नाही, शिजवताना पाकातच जोडून घ्यावं लागतं. मग त्या रेझिनच्या शीटला आग लागली की ब्रोमीन सुटतं आणि ज्वाळेचा गळा धरतं. शिजवताना आच वाढली तर केटलमध्ये, म्हणजे शिजवायच्या हंड्यातच सुटतं; त्यापायी ह्यांचे डोळे कितीदा सुजलेत. प्रत्येक घाण्याची एक पट्टी हे जाळणार. काडी काढल्यावर विझली तरच माल बाहेर.

मग एका इस्पितळाची ऑर्डर आली, लहान मुलांच्या वॉर्डाच्या भिंतींसाठी. शीट पांढरीशुभ्र हवी, आणि ब्रोमीनवाली तर उन्हानं पिवळी पडते. मालक म्हणाले, "निम्मंच घाला." केमिस्ट मॅडमना सगळं कळत होतं, पण त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. आणि आमचे हे? ह्यांनीही मुकाट शिजवलं! घरी येऊन जेवले नाहीत, एवढाच काय तो पराक्रम.

"पट्टी जाळली का?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"काय होणार ते माहीत होतं म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या भावाचा पंखा जाळता, आणि लेकरं सलाईन लावून पडणार तिथं हाताची घडी? लाज कशी वाटत नाही हो?"

वॉर्ड सुरू व्हायच्या आधी हे तिथं गेले. मालक इस्पितळाच्या डॉक्टरबाईंना भिंती दाखवत होते. ह्यांनी उरलेल्या शीटचा तुकडा उचलला, काडी लावली, काढली. तुकडा जळतच राहिला, काळाकुट्ट धूर सोडत. "काडी काढलीय, साहेब," एवढंच म्हणत हे तो धरून राहिले, बोटं भाजेपर्यंत. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे सगळ्या शीट उतरवायला लावल्या.

नोकरी गेली. गेली चुलीत! तिचा राग नाही मला. काल केमिस्ट मॅडमचा फोन आला, रडत होत्या. उतरवलेला माल फुकट कशाला घालवायचा, म्हणून मालकांनी तो कामगारांच्या जेवणाच्या खोलीत ठोकलाय. ती खोली केटलला लागून.

"रडताय काय? काडी लावून दाखवा ना सगळ्यांना!" मी ओरडले. त्यांनी फोन ठेवला.

हे चपला शोधत होते. बोटं अजून बांधलेली, काडी ओढता येईना. मग काडेपेटी मी घेतली.