सुनावणीतला साऊंडवाला

झरी जामणीकडच्या एका गावात खाणीची जनसुनावणी होती. मलाही विरोधात बोलायचं होतं. मांडवात शेजारी साऊंडवाला बसलेला. पानानं रंगलेले ओठ, नजर मंचावरच्या साहेबांकडे, बोटं आवाजाच्या बटणावर. खाणीनं विहीर आटेल, असं एक म्हातारी सांगत होती. साहेबांनी नुसता चष्मा काढला. यानं बटण जरासं फिरवलं.

"आवाज कमी काहून केला, भाऊ?"

"बंद केला तं लोकं बोंबलतात. कमी केला तं त्यायले वाटते, बुढीच घाबरली."

मग माझं नाव पुकारलं. माइकवर माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला. मी वळून पाहिलं. त्याचे दोन्ही हात खिशात होते.