दंड कोनाले भेटते?

दिग्रसच्या पुढं, डांबरी सोडून आत गेलं की बाबूसिंग नाईकाचा बंजारा तांडा. तांड्यात भांडण झालं की पोलिसांत नाही, कडुलिंबाखाली नसाब बसते, म्हणजे तांड्याची पंचायत. नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, दंड ठरवला की चुकलेल्यानं, ज्याचं वाईट केलं त्याच्यापुढं हात जोडायचे, नुकसान भरून द्यायचं. मग चहा. ज्याचं वाईट झालं त्यानं पहिला घोट घेतला की प्रकरण मिटलं. दंड म्हणजे बाबूसिंगला एवढंच ठाऊक.

त्याची पोरगी ममता शिक्षक भरतीच्या परीक्षेला बसली. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटचीच परीक्षा. पेपर इतका छान गेला, की येताना यष्टीत गाणं गुणगुणत होती बिचारी. अन् परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्याच हरामखोरांनी पेपर आधीच विकलेला! परीक्षा रद्द झाली. ममतानं ताट दूर सारलं अन् भिंतीकडं तोंड करून पडली.

काही महिन्यांनी तिनंच मोबाईलवर बातमी वाचून दाखवली. कायद्यानं कंपनीला जबर दंड झाला, परीक्षा घ्यायला बंदीही आली.

बाबूसिंग उठून उभाच राहिला. "झाला ना न्याय! आता येतीन ते. तुह्यापुढं हात जोडतीन, तुहा पेपर पुन्हा घेतीन."

"बापू, तसं नसते."

"काहून नसते? मंग दंड कोनाले भेटते? वाईट कोनाचं झालं?"

बाबूसिंगनं बायकोकडून, भुरीबाईकडून, अंगण सारवून घेतलं. पाहुणे यायचे होते ना! कोणीच आलं नाही. शेवटी पांढरा फेटा बांधून, पोरीला घेऊन तोच यवतमाळच्या शिक्षण कार्यालयात गेला.

साहेब भला माणूस, हसला नाही. "बाबा, दंड सरकारजमा झाला."

"सरकारचं काय बिघडलं होतं?"

साहेबानं नवी जाहिरात पुढं सरकवली. "परीक्षा पुन्हा होणार आहे. पण नव्या जाहिरातीत यांचं वय बसत नाही."

"वय तिनं घालवलं का? कंपनीनं घालवलं!"

"खरंय. पण कायद्यात कंपनीला शिक्षा आहे. पोरांचं काय करायचं, ते लिहिलेलं नाही."



दुसऱ्या दिवशी बाबूसिंगनं नसाब बोलावली. सगळा तांडा जमला. कोणाचं भांडण, कोणालाच कळेना. नाईक उठला, ममतापुढं गेला अन् त्यानं हात जोडले.

"चुकलं बेटी."

"बापू! तुमी कायले?" ममताला रडूच फुटलं.

"कोनीतरी जोडाले पायजेत ना."

नुकसान भरून द्यायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. भुरीबाईनं पदरानं डोळे पुसत चहाचा कप पोरीच्या हातात दिला. सगळे तिच्याकडं पाहत होते, बापाचे हात अजून जोडलेलेच होते. ममतानं घोट घेतला.

प्रकरण मिटलं.